गाडी धुण्याचा वार

तात्यांची गाडी दर रविवारी धुतली जायची. "धुतली जायची" असंच आमच्या घरात म्हणत, जणू ती स्वतःच उठून विहिरीवर जात होती आणि अंघोळ करून परत येत होती. प्रत्यक्षात ती आम्ही दोघी बहिणी धुवायचो, मी आणि माझ्याहून सहा वर्षांनी लहान असलेली नंदा. हे लिहिताना मी साठी ओलांडली आहे आणि माझा राग कमी झालेला नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हातारपणी सगळ्यांना क्षमा करून मोकळी झालेली माणसं ज्यांना वाचायला आवडतात, त्यांनी हे प्रकरण सोडून पुढे गेलं तरी चालेल.

आमचं घर पावस गावाच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून गाडीपुरत्या वाटेने आत. पुढे शेणाने सारवलेलं खळं, खळ्याच्या कडेला विहीर, विहिरीवर करकरणारा रहाट. त्या विहिरीला लागून तात्यांनी जांभ्याचे चिरे बसवून चौकोनी जागा करून घेतली होती. पाणी वाहून जायला पन्हळ होती आणि चिखल उडू नये म्हणून कडेला बारीक खडी पसरलेली होती. ती जागा गाडी धुण्यासाठी. आईची, माझी आणि नंदाची न्हाणी मात्र तेव्हा झावळ्यांच्या आडोशाची होती. पावसाळ्यात झावळ्या कुजत, त्यांच्यातून वारा येई आणि आई अंघोळ करताना एका हाताने आडोसा धरून ठेवी. तिने दोनदा तात्यांना सांगितलेलं मी ऐकलं आहे. "बघू पुढच्या वर्षी," असं ते म्हणाले होते. गाडीच्या जागेला पुढचं वर्ष लागलं नव्हतं.

तात्या गुरांच्या सरकारी दवाखान्यात नोकरीला होते. कागदावर ते डॉक्टर नव्हते, डॉक्टरांच्या हाताखालचे होते, पण गावोगाव फिरून गुरांना टोचणारे, अडलेली गाय सोडवणारे तेच, म्हणून लोक त्यांना डॉक्टरच म्हणत. त्यांच्याविषयी वाईट बोलणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही, माझ्याशिवाय. बुजलेल्या गाईच्या मानेवरून ते असा हात फिरवत की ती मान सैल सोडून उभी राही. एकदा पाय मोडलेल्या वासराला बांबूच्या पट्ट्या बांधताना मी त्यांना पाहिलं. तासभर ते त्याच्याशी बोलत होते, "झालं हां, झालं माझ्या राजा," असं. घरात आल्यावर तो आवाज ते बाहेर खुंटीवर टांगून येत असावेत. आमच्याशी ते वाक्यं अर्धी तोडून बोलत. पाणी. फडकं. सरक.

गाडीची मात्र त्यांना फार काळजी. ती काळी, जड, किकने चालू होणारी मोटरसायकल त्यांनी नोकरीत कायम झाल्यावर घेतली होती, आणि ती कशी धुवावी याचे त्यांचे नियम आम्हाला पाढ्यांसारखे पाठ होते. फिरून आल्या आल्या तिच्यावर पाणी टाकायचं नाही, इंजिन तापलेलं असतं, गार पाण्याने धातूला तडा जातो. हात टेकवता येईल इतकी ती निवेपर्यंत थांबायचं. सायलेन्सरच्या तोंडात चिंधीचा बोळा घालायचा. कार्बोरेटरवर आणि स्विचवर प्लास्टिकची पिशवी बांधायची. बादलीने पाणी फेकायचं नाही, तांब्याने वरून खाली सोडायचं. चाकांच्या बादलीतलं फडकं टाकीला लावायचं नाही, कारण चिखलातल्या बारीक खड्यांनी रंगावर ओरखडे उठतात. कपड्यांचा सोडा नको, रिठ्याचं पाणी. चाकांना नारळाचं सोडण, म्हणजे वरची काथ्याची साल, चालेल, टाकीला फक्त मलमलीचं जुनं धोतर. समुद्राच्या बाजूने फिरून आले असतील तर खारं वारं लागलेलं असतं, मग दोनदा धुवायची. शेवटी कोरडी करून सावलीत उभी करायची, उन्हात नाही. हे सगळे नियम बरोबर होते. आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. पण त्यातला एकही नियम धुणाऱ्याच्या हातासाठी नव्हता. टाकीवर ओरखडा उठू नये याची सोय होती, आमच्या अंगावर उठू नये याची नव्हती. गाडी निवली की नाही हे बघायला आमचाच हात इंजिनला टेकवला जाई.

चेनचं काम सगळ्यात शेवटी. त्याला रॉकेल लागे. डब्याच्या झाकणात रॉकेल घेऊन त्यात फडकं बुडवायचं आणि चेनवरचं काळं वंगण आणि लाल माती पुसून काढायची. आमची अंघोळीच्या पाण्याची चूल तिथून दहा पावलांवर पेटलेली असे, आणि रॉकेल लागलेल्या हातांनी मीच त्या चुलीत लाकडं सारत असे. हे आता आठवलं की अंगावर काटा येतो, तेव्हा कुणाला काही वाटत नसे. रविवारी आई घावणे करायची, सोबत गूळ घातलेला नारळाचा रस. तिचे घावणे इतके पातळ आणि जाळीदार असत की शेजारचे लोक निमित्त काढून येत. मी ते कधी चवीने खाल्ले नाहीत. हात तीनदा राखेने घासले तरी बोटांना रॉकेलचा वास राही आणि पहिल्या घासाबरोबर तोच नाकात शिरे. नंदा तर घावणा काट्याने खायची, म्हणजे बाभळीच्या खऱ्या काट्याने, आणि आई हसायची. मला हसू यायचं नाही.

चेन पुसण्याची तात्यांची रीत अशी होती. गाडी मधल्या स्टँडवर चढवायची, म्हणजे मागचं चाक अधांतरी. चेनवरचं कव्हर काढायचं. मग तात्या गाडीवर बसून किक मारत, गिअर टाकत, आणि मागचं चाक जागच्या जागी फिरू लागे. मी खाली उकिडवी बसून चेनच्या खालच्या बाजूला फडकं धरून ठेवायचं. चेन फडक्यातून धावायची आणि आपोआप पुसली जायची. मी पहिल्यांदा बसले तेव्हा तेरा-चौदा वर्षांची असेन. भीती वाटली म्हणून विचारलं, "तात्या, इंजिन बंद करून नाही का पुसता येणार?"

"बंद चेन एकाच जागी घासत बसशील. सगळे असंच करतात. मेकॅनिकसुद्धा."

मी विश्वास ठेवला. गाडीतलं मला काय कळत होतं? मी तिच्यावर कधी बसलेसुद्धा नव्हते. चार वर्षं मी ती गाडी नखशिखांत धुतली, तिचा प्रत्येक नट मला माहीत होता, पण तिच्यावर मागच्या सीटवर बसून पावसच्या बाजारापर्यंतसुद्धा गेले नव्हते. मुलीच्या जातीने गाडीवर पाय टाकून बसू नये, आणि एका बाजूला बसलं तर तोल जातो, असं तात्यांचं म्हणणं.

मागच्या महिन्यात नंदाच्या सुनेने मला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. घरच्या घरी बाईक कशी धुवावी. एक हसरा तरुण, पांढरे बूट, मागे गाणं. त्याने गाडी स्टँडवर लावली, चालू केली, गिअर टाकला आणि फिरत्या चेनवर कापड धरलं. मी इतक्या जोरात ओरडले की बिचारीच्या हातून मोबाईल पडला. खाली हजारो लोकांनी अंगठे उंचावलेले होते. मला ते अंगठे मोजायचे नव्हते, त्यांच्या शेजारची बोटं शाबूत राहावीत एवढंच वाटत होतं.

मी सतरा वर्षांची होते आणि रत्नागिरीला टायपिंगच्या क्लासला जात होते. बारावी झाल्यावर तात्यांनी पुढे शिकवायला नकार दिला होता, पण टायपिंगला हो म्हणाले, कारण त्यांच्या दवाखान्यातल्या साहेबांनी सांगितलं होतं की टायपिंग झालेल्या मुलीला नोकरी लागते. रोज एसटीने जायचं, एक तास खडखडाट करायचा आणि यायचं. मला तो खडखडाट फार आवडायचा. वीस मशीनांचा एकदम आवाज, आणि त्यात आपला आवाज वेगळा ओळखू येणं. क्लासच्या सरांनी एकदा सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "हिच्या बोटांकडे बघा. एक बोट दुसऱ्याची वाट बघत नाही." दिवाळीनंतर परीक्षा होती. ती पास झाले असते तर मी त्या घरातून बाहेर पडले असते, आणि ते मी मनातल्या मनात कधीच ठरवून टाकलं होतं.

तो रविवार पाऊस सरता सरताचा. आठवडाभर तात्या वरच्या गावांत गुरांना लस टोचत फिरले होते आणि चेन लाल चिखलाने अशी भरली होती की कड्या दिसत नव्हत्या. त्यांना दहा वाजता रत्नागिरीला साहेबांकडे सत्यनारायणाला जायचं होतं आणि गाडी चकचकीत हवी होती. नऊ वाजून गेले तरी चेनवरचा चिखल निघेना. तात्या पांढरा शर्ट घालूनच बाहेर आले, शर्टाला डाग लागू नये म्हणून अंग चोरून गाडीवर बसले, किक मारली.

"दाबून धर फडकं. नुसतं टेकवू नको."

मी दाबून धरलं. चेन फडक्यातून जात होती. मातीचा गोळा सुटत नव्हता.

"अजून घाण दिसते आहे," मी म्हटलं.

"थांब, वेग देतो," असं म्हणून त्यांनी मूठ पिरगळली.

फडक्याचा एक कोपरा सुटलेला होता. तो चेनबरोबर मागे गेला आणि मागच्या दातेरी चकतीत शिरला. फडकं माझ्या बोटांना गुंडाळलेलं होतं. मला दुखलं नाही, हे खरं सांगते, पहिल्यांदा दुखलं नाही. कुणीतरी हात धरून ओढावा तसं वाटलं, आणि मग एक आवाज आला, सुपारी कातरल्यासारखा. इंजिन अडखळून बंद पडलं. नंदा तांब्या घेऊन उभी होती, ती किंचाळली, म्हणून मी खाली बघितलं.

तात्यांनी गाडी न्यूट्रलला आणली, चाक हाताने उलटं फिरवलं आणि माझा हात मोकळा केला. त्यांचं पहिलं वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं.

"फडकं कसं धरलं होतंस?"

मग ते आत जाऊन दवाखान्याची बॅग घेऊन आले. कापूस, बँडेज, लाल औषध. त्यांचे हात जरासुद्धा थरथरले नाहीत. वासराच्या पायाला बांधतात तसं त्यांनी माझ्या हाताला घट्ट बांधलं, फक्त वासराशी बोलतात तसं काही बोलले नाहीत. आई घावण्याचं पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली आणि खळ्यातच खाली बसली. पुन्हा उठून तिने मला धरलं. गावात दुसरं वाहन नव्हतं, म्हणून तात्यांनी मला गाडीवर मध्ये बसवलं, मागे आई बसली आणि आम्ही रत्नागिरीच्या इस्पितळात गेलो. त्या गाडीवर मी आयुष्यात पहिल्यांदा बसले ती अशी. बांधलेला हात वर धरून, आईच्या छातीला टेकून. गाडी चकचकीत धुतलेली होती.

तर्जनीची दोन पेरं गेली आणि मधल्या बोटाचं नखासकट टोक. डॉक्टर तरुण होते, बोलके होते. टाके घालायची तयारी करता करता त्यांनी विचारलं, "कसं काय झालं हे?"

मी तोंड उघडण्याआधी तात्या म्हणाले, "गाडी चालू करून बघायची हौस. मी आत कपडे करत होतो. बाहेर येऊन बघतो तर हा प्रकार."

"नाही," मी म्हटलं.

"बोलू नको, घेरी येईल," असं तात्या म्हणाले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. बाहेरून बघणाऱ्याला तो मायेचा वाटला असेल. मी आईकडे बघितलं. आई खालच्या फरशीकडे बघत होती. डॉक्टर मला म्हणाले, "पुन्हा असलं धाडस करू नकोस हं."

मला राग कुठल्या गोष्टीचा आहे, असं लोक विचारतात. नंदाही विचारते. "अपघात तो, होऊन गेला," असं ती म्हणते. होऊन गेला हे मला मान्य आहे. घाईत कुणाच्याही हातून होतो. तात्यांनी त्या इस्पितळात, त्या फरशीवर उभं राहून, "माझी चूक झाली" एवढंच म्हटलं असतं, तर हे प्रकरण मी लिहायला घेतलं नसतं. बोटं चकतीने नेली. पण ती कशी गेली ही गोष्टसुद्धा माझी होती, आणि ती माझ्या बापाने माझ्यादेखत नेली.

त्यानंतरचे आठवडे मी ओटीवर बसून होते आणि लोक बघायला येत होते. कुणी शहाळी घेऊन, कुणी नुसतेच. तात्या त्यांना तीच गोष्ट सांगत, आणि दर वेळी तिच्यात थोडी भर पडे. आधी मी गाडी नुसती चालू केली होती, मग मी तिच्यावर बसले होते, मग मला ती चालवायचीच होती आणि मी रोज हट्ट धरत होते. शेजारच्या एका काकू माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "बायच्या जातीला असली हौस बरी नाय गो." मी त्यांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी माझ्याकडे दयेने बघितलं आणि विषय बदलला. गुरांचे डॉक्टर खोटं बोलतील यावर गावात कोण विश्वास ठेवणार? टायपिंगच्या सरांचं पत्र आलं, की बरी झाल्यावर ये, फी पुढच्या सत्रात धरू. मी ते पत्र उशीखाली ठेवलं. एका जाड पुठ्ठ्यावर पेन्सिलीने मशीनची सगळी बटणं काढली आणि उरलेल्या बोटांना नवीन वाटा शिकवायला लागले. तर्जनीचं काम मधल्या बोटाला, मधल्याचं अनामिकेला. जखमेत ठणका मारायचा. आई म्हणायची, "राहू दे आता ते." मी राहू दिलं नाही. त्या परीक्षेला मी तीनदा बसले आणि तिसऱ्यांदा पास झाले, आणि त्याच जोरावर पुढे तीस वर्षं नोकरी केली, हे इथेच सांगते, म्हणजे कुणाला हळहळ वाटत राहायला नको.

टाके काढून चार-पाच दिवस झाले असतील. रविवार होता. मी ओटीवर पुठ्ठा मांडीवर घेऊन बसले होते. खळ्यात वरच्या वाडीतले शंकरकाका आजारी वासरू घेऊन आले होते आणि तात्यांची वाट बघत फणसाच्या सावलीत बसले होते. विहिरीकडून गाडी चालू झाल्याचा आवाज आला. तो आवाज ओळखायला मला वर बघायची गरज नव्हती. किकचा, मग संथ धडधडीचा, मग गिअर पडल्याचा खट्ट आवाज, आणि मग चेनचा.

मी वर बघितलं. तात्या गाडीवर बसले होते. खाली, मी बसायची त्याच चिऱ्यावर, नंदा उकिडवी बसली होती. अकरा वर्षांची. तिने फ्रॉक गुडघ्यांत दाबून धरला होता, एक वेणी पुढे आलेली होती, आणि हातात फडकं होतं. तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते. डोळे मिटून ती चेनकडे हात नेत होती.

मी ओटीच्या पायऱ्या कशा उतरले ते मला आठवत नाही. डाव्या हाताने नंदाला खांद्याला धरून मागे खेचलं, ती पालथी पडली. मग किल्ली फिरवली. इंजिन थांबलं आणि इतकं शांत झालं की वासराचा श्वास ऐकू येत होता. मी किल्ली उपसून काढली आणि विहिरीत टाकली.

"वेड लागलंय का तुला?" तात्या गाडीवरून उतरत म्हणाले.

"त्या दिवशी गाडी मी चालू केली नव्हती," मी म्हटलं. म्हटलं म्हणजे ओरडले. माझा तो आवाज मला स्वतःलाच नवीन होता. "तुम्ही केली होती. तुम्ही वर बसला होता, तुम्ही वेग दिलात. आणि आजपण तुम्हीच बसलाय. हिची किती बोटं हवीत तुम्हाला?"

त्यांनी माझ्या थोबाडीत मारली. मी हलले नाही. त्यांनी दुसऱ्यांदा हात उचलला तेव्हा शंकरकाका उठून मध्ये आले होते.

"डॉक्टर, पोरीला मारू नका," ते म्हणाले. आवाज अगदी हळू, हात जोडलेले. "मी बघितलं ना आत्ता. लहानगी बसली होती ती मी बघितली."

एवढंच. पण ते तात्यांना माझ्या ओरडण्यापेक्षा जास्त लागलं. ते वासराकडेही न जाता आत निघून गेले. शंकरकाका थोडा वेळ थांबले, मग वासराला घेऊन परत गेले. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट वरच्या वाडीत पोचली, आणि दुसऱ्या दिवशी पावसच्या बाजारात.

आतून कपाट उघडण्याचा, खण ओढण्याचा आवाज येत होता. "दुसरी किल्ली कुठे आहे?" तात्या विचारत होते. आई चुलीपुढे होती. "नाही हो," ती म्हणाली, "मागेच हरवली ना ती." इतक्या साध्या आवाजात म्हणाली की मीही विश्वास ठेवला. दुपारी हळदीचा डबा उतरवताना ती किल्ली मला हळदीत रुतलेली दिसली. मी आईकडे बघितलं. तिने डबा माझ्या हातातून घेतला, झाकण लावलं आणि वरच्या फळीवर मागे सारून ठेवला. इस्पितळात गप्प बसलेल्या आईला मी तेव्हाही माफ केलं नाही. पण त्या दुपारी तिने वाढलेला भात मी दोनदा मागून घेतला.

तात्या आठवडाभर एसटीने कामावर गेले. लोक त्यांना बसमध्ये विचारत असणार, डॉक्टर, गाडी कुठाय? त्यांनी काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. या वेळची गोष्ट त्यांना एकट्याने सांगता येण्यासारखी नव्हती. मग बाजारातल्या मेकॅनिकने येऊन नवं कुलूप बसवून दिलं. दिवाळीची सुट्टी लागली तशी आईने नंदाला देवरूखला मावशीकडे पाठवून दिलं. तात्यांना विचारलं नाही, नंदाला एसटीत बसवून आल्यावर सांगितलं.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी ओटीवर होते. गाडी चिखलाने माखलेली होती. तात्या जुनी लुंगी नेसून बाहेर आले. त्यांनी इकडे तिकडे बघितलं. नंदा नव्हती. माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते गाडीजवळ गेले, ती ढकलत चिऱ्यांवर नेली, मधल्या स्टँडवर चढवली. चेनचं कव्हर काढलं. मला वाटलं, आता किक मारतील आणि मला हाक मारतील. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

त्यांनी किल्ली काढून कनवटीला खोचली. गिअर न्यूट्रलला आहे ना हे दोनदा पायाने बघितलं. मग ते खाली बसले, जुना टूथब्रश रॉकेलमध्ये बुडवला आणि चेनच्या मधल्या भागावर, चकतीपासून चांगलं वीतभर दूर, घासायला लागले. तेवढा तुकडा स्वच्छ झाला की ब्रश खाली ठेवत, हात पूर्ण बाजूला घेत, आणि दुसऱ्या हाताने चाक हळूच थोडं पुढे फिरवत. नवा तुकडा समोर येई. ब्रश उचलत. घासत. ब्रश खाली. हात बाजूला. चाक. असं ते न चुकता, न बघता करत होते, वर्षानुवर्षांची सवय असावी तसं. अर्ध्या तासात चेन लख्ख झाली. इंजिन एकदाही चालू झालं नाही.

आई चहा घेऊन माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "तू व्हायच्या आधी असेच करायचे. किल्ली कमरेला लावून."

"आणि तू हे मला आत्ता सांगतेस?"

तिने चहाचा कप ओटीवर ठेवला. मी पायऱ्या उतरून खळ्यातून सरळ तात्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. ते चेनला तेल सोडत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

"तात्या, तुम्हाला येत होतं," मी म्हटलं.

तेलाचे थेंब एकेका कडीवर पडत होते. त्यांनी दोन कड्या केल्या, तिसरी केली. मग बादलीकडे बोट दाखवून म्हणाले, "पाणी आण."

मी आणलं नाही. मी तिथेच उभी राहिले, तुटक्या बोटांचा हात समोर धरून, ते वर बघतील याची वाट बघत. ते वर न बघताच उठले, बादली उचलली आणि रहाटावर जाऊन स्वतःच पाणी ओढायला लागले.